संडास आतच आहे

आमच्या मजल्यावर सगळे त्याला सोफासेट म्हणायचे. जगाचे सोफे दुरुस्त करायचा आणि स्वतःच्या घरात एक मोडकी खुर्ची. भांडणात गिऱ्हाइकाचे दात पाडले आणि वर्षाची शिक्षा लागली. तुरुंगात आधीच मुंगीला शिरायला जागा नाही, म्हणून त्याला सांगितलं, घरीच भोग. घोट्याला पट्टा, खोलीत एक डबी, खोलीबाहेर पाऊल पडलं की कचेरीत घंटा. गुडघे गेलेल्या त्याच्या आईला आभाळ ठेंगणं झालं. तिला त्याच्याशिवाय होतंच कोण?

डबी बसवायला साहेब आला तेव्हा मी शेजारीण म्हणून दारात उभी होते. त्याने विचारलं, "संडास?"

"आतच आहे की!" म्हातारीने मोरीच्या पडद्याकडे बोट दाखवलं.

आमचा संडास व्हरांड्याच्या टोकाला, सगळ्या बिऱ्हाडांत एकच. पण इस्त्रीच्या कपड्यातल्या परक्या माणसापुढे तिला लाज वाटली. साहेबानेही पडदा सरकवायची तसदी घेतली नाही. मी बोलणार, तर सोफासेटने मला डोळ्यांनीच गप्प केलं. आईला चारचौघांत खोटं पाडणं त्याला जमलं नसतं.

सुरुवातीला त्याने डबड्यावर भागवलं. ते नेऊन ओतायची म्हातारी. एकदा ती उंबऱ्यातच डबड्यासकट आडवी झाली. तिला उचलताना तो रडला आणि दुसऱ्या दिवसापासून सरळ टोकाला जायला लागला.

साहेब पुन्हा आला. "संडास आत आहे ना? मग रोज सकाळी जातोस कुठे?"

म्हातारीने तोंड उघडलं. तो आधीच म्हणाला, "पाय मोकळे करायला."

नेला त्याला. माझं डोकंच फिरलं. माणसाला घरी डांबायचं, तर ते घर कसलं आहे हे बघायला काय डोळे फुटले होते?

मग म्हातारी काठी टेकत कचेरीत जाऊन खरं सांगून आली. तिथला कारकून हसला. "आजी, तेव्हा संडास आत होता, मुलगा अडकल्यावर बाहेर गेला होय?"

आता दारात कोणीही येवो, ती आधी तेच सांगते. परवा मीटर बघायला आलेल्या माणसाचा हात धरला आणि त्याला व्हरांड्याच्या टोकापर्यंत नेलं. "बघा, बाहेर आहे. नीट बघून घ्या."

"आजी, मी विजेचा माणूस," तो म्हणाला.

"असू दे," म्हातारी म्हणाली, "पण तुम्ही बघितलंत ना?"