बर्फाच्या गाडीचे दोन जेट

ते दोन जेट मी बदलले होते. नऊ वर्षं झाली, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

बहरीनमध्ये मुहर्रकला आमचं गॅरेज आहे, म्हणजे मी तिथे नोकरीला आहे. वॉटर स्कूटर आणि होड्यांची इंजिनं हे आमचं रोजचं काम. काकांनी मला इथे आणलं. काका नात्याने कोणी नव्हेत. माझ्याच तालुक्यातले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे, आणि टू-स्ट्रोक इंजिन नुसत्या आवाजावरून ओळखणारे.

बुदैयाच्या एका बहरिनी शेठकडे स्नोमोबाइल होती. पुढे दोन पट्ट्या, मागे रबरी पट्टा, दाबलेल्या वाटेवर आणि खोल भुसभुशीत बर्फात, दोन्हीकडे चालणारी. दर हिवाळ्यात शेठ ती पेटीत घालून डोंगराळ थंड देशात पाठवायचे आणि मागोमाग स्वतः जायचे. बाकीचं वर्षभर ती आमच्याकडे असे. काकांनी आणि मी बर्फ पाहिला तो फक्त मासळीबाजारातला. आणि तोच कामी आला. या गाडीचं इंजिन पट्ट्याने उडवलेल्या बर्फाने थंड होतं. इथे बर्फ कुठला? मग काका बाजारातून लादी आणायचे, फोडून गोणपाटात भरायचे, गाडी घोडीवर चढवून ते गोणपाट खाली बांधायचे आणि मगच इंजिन चालू करायचे. सगळ्या गाडीला मासळीचा वास. शेठ हसून म्हणायचे, "बुड्ढा, मेरे को मछली पकड़ने नहीं जाना है!"

त्या वर्षी काकांनी कार्बोरेटर उघडून साफ केले. जेट म्हणजे आतला पितळी खिळ्यासारखा तुकडा, त्याच्या भोकातून पेट्रोल जातं. त्यावरचा नंबर तांदळाच्या कणीएवढा. काकांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला होता, पण भिंग लावून त्यांनी दोन्ही नंबर वाचले आणि जेट बसवले. गाडी चालू केली तर ती गुरगुरायला लागली, धूर सोडायला लागली.

मी म्हटलं, "काका, पेट्रोल जास्त जातंय. बारीक जेट घालू या."

"मेल्या, गाडी बर्फात चालवायचीय की तुझ्या कानात?" काका म्हणाले. "थंड हवा घट्ट असते, तिला पेट्रोल जास्त लागतं. इथं गोड वाजली तर तिथं जळेल. गुरगुरू दे."

मला हे समजलं होतं. समजलं नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

दोन दिवसांनी काका रेसिडेंट कार्डाच्या कामाला गेले आणि नेमके शेठ आले. गाडीचा आवाज ऐकून त्यांनी तोंड वाकडं केलं. "ये क्या है?" मी म्हटलं, "एक घंटा दो." बारीक जेट घातले. इंजिन असं सुरेल वाजलं की शेठनी माझ्या पाठीवर थाप मारून अरबीत शाबासकी दिली. "ज़ैन! तू बुड्ढे से अच्छा है." त्या गॅरेजात माझं असं कौतुक कधी कोणी केलं नव्हतं. शेठ गेले की जुने जेट परत घालायचे, असं ठरवलं होतं. तेवढ्यात होडीचं इंजिन आलं. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी. तिसऱ्या दिवशी येऊन बघतो तर गाडी पेटीत बंद होऊन गेलेली. फोन करता आला असता. शेठना काय सांगायचं, थाप चुकून मारलीत?

तिकडे डोंगरात इंजिन जाम झालं. शेठ चार तास बर्फातून चालत आले. गारठून डाव्या पायाची दोन बोटं गेली.

गाडी परत आली तेव्हा काकांनीच इंजिन उघडलं. पिस्टनला वितळून भोक पडलेलं. त्यांनी जेट काढले, भिंगाखाली धरले. बराच वेळ बघत राहिले. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तू हात लावला होतास काय रे कार्बोरेटरला?"

"नाही, काका."

त्यांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. "मग मीच," म्हणाले. "नंबर वाचताना चुकलो."

त्यांनी माझ्यावर संशय घेतला असता, दोन शिव्या हासडल्या असत्या, तर कदाचित मी बोललो असतो. हे मी मनाला अनेकदा सांगितलंय. खरं नाही ते.

फोरमनने सगळ्यांसमोर सांगितलं, "बुड्ढे का आँख गया. खलास." महिन्याभरात काका गावी गेले. विमानतळावर मीच सोडलं. उतरताना म्हणाले, "तू नीट बघून करत जा हो. माझ्यासारखं नको." त्यांच्या जागेवर मी आलो. शेठ आजही येतात, किंचित लंगडत, आणि गाडी माझ्याशिवाय कुणाकडे देत नाहीत.

काकांचं घर बंदराजवळ आहे. परत गेल्यावर मच्छीमार इंजिनं घेऊन दारात यायचे. त्यांच्या मुलाने मला सांगितलं, "बाबा हातच लावत नाहीत. डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता स्वच्छ दिसतं, तरी नाही. म्हणतात, माझ्यामुळे एका माणसाचा पाय गेला." मी म्हटलं, "असं असतं वय झाल्यावर."

दर गणपतीत फोन करतो. काकांना आता ऐकू येत नाही. मी बोलतो ते सूनबाई त्यांच्या कानाशी ओरडून सांगते, घरभर ऐकू जातं. गेल्या वर्षी मी म्हटलं, "काकांना एक सांगायचंय." ती म्हणाली, "सांगा ना, त्यांना सांगते." मागे आरतीला जमलेली माणसं बोलत होती. मी म्हटलं, "तब्येतीला जपा म्हणावं." तिने ते ओरडून सांगितलं.

जेट मी बदलले आणि विचारल्यावर खोटं बोललो. काकांची काहीच चूक नव्हती. हे सांगायचं मी त्यांना देणं लागतो, त्यांच्या सुनेच्या तोंडून, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं. ते मी अजून सांगितलेलं नाही.