दुःखद, बधाई, सूचना

सत्यभामा वासनिक एकविसाव्या वर्षी जबलपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या आणि पुढची वीसेक वर्षं ट्रंक कॉल जोडत राहिल्या. समोरच्या बोर्डावर दिवा लागला की कॉल उचलायचा, "हां जी, बोलिये" म्हणायचं आणि बोलणाऱ्याला कटनी, मंडला, नागपूर जिथं हवं तिथं पोचवायचं. पुढं एसटीडी आलं, बोर्ड गेले, बाईंना तक्रारींच्या टेबलावर बसवलं. साठाव्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. पण दिवा दिसला की उचलायचा, ही सवय काही निवृत्त झाली नाही.

२०१९च्या जानेवारीत त्यांची भाची विनता हिनं त्यांच्या फोनमध्ये 'आंगन' नावाचं ॲप टाकून दिलं. विनता शहरातल्या नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर, चार माणसांच्या कंपनीत ॲपची पानं आखायचं काम करायची. कॉलनीतल्या लोकांनी एकमेकांना बातम्या द्याव्यात म्हणून हे ॲप होतं, आणि आधी सत्यभामाबाईंच्या विजय नगरात चालवून बघायचं ठरलं होतं.

"आत्या, तू फक्त वापर. जे नाही समजलं ते मला सांग."

"मले सगळं समजते," सत्यभामाबाई म्हणाल्या. "हा लाल ठिपका काहून लागला?"

"कोणीतरी काहीतरी टाकलं असेल. खाली हात जोडायचं बटण आहे ना, ते दाबायचं. टाइप करायची गरजच नाही."

कंपनीचे मालक अनुपम नेमा यांचं म्हणणं असं, की माणसाला लिहायला लावलं की तो पळून जातो. म्हणून प्रत्येक बातमीखाली जोडलेल्या हातांचं एक मोठं बटण होतं. ते दाबेपर्यंत लाल ठिपका जात नसे, वर "आपके २३ पड़ोसी आपकी राह देख रहे हैं" असं येत राही. विनतानं हे थोडं जास्त होतंय म्हणून सांगून पाहिलं होतं. नेमा म्हणाले होते, लोक येतायत ना, मग झालं.

सत्यभामाबाईंना ते फार पटलं. तेवीस शेजाऱ्यांना ताटकळत ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पाण्याची टाकी धुणार, हात जोडले. कोणाची म्हैस सुटली, हात जोडले. पंधरा दिवसांत कॉलनीत त्यांच्याइतके हात कोणीच जोडले नव्हते, आणि ॲपनं त्यांना 'आदर्श पड़ोसी' करून टाकलं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी साडेआठला त्यांना ठिपका दिसला. वर 'दुःखद' असं लिहिलेलं. खाली बाबाराव लांजेवारांचा फोटो, काळापांढरा, बाजूला तेवता दिवा. फोटोखाली एवढंच: बाबाराव लांजेवार, ७५ वर्षे.

सत्यभामाबाई खुर्चीत बसल्या. बाबाराव तिसऱ्या गल्लीत राहायचे, वीज खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, कॉलनीच्या समितीचे सचिव. सहा वर्षांपूर्वी समितीच्या बैठकीत बाई नालीबद्दल बोलत होत्या, तेव्हा बाबारावांनी घड्याळ पाहत म्हटलं होतं, "तीन मिनिटं झाली, वासनिकबाई. लाइन कट." सगळे हसले. त्या दिवसापासून दोघांत एक शब्द नव्हता. आता तो माणूस गेला, आणि आपण बोललो नाही.

त्यांनी बटण दाबलं नाही. पांढरी साडी नेसल्या आणि चालत निघाल्या.

दार बाबारावांनीच उघडलं. नवा झब्बा, हातात पोह्यांची बशी, मिशीला शेव लागलेली.

सत्यभामाबाईंनी दाराची चौकट धरली.

"या, या," बाबाराव म्हणाले. "मले वाटलंच होतं, आज तरी तुम्ही याल. अंजनी, वासनिकबाई आल्या गं, पोहे आण."

"तुम्ही… बरे आहात?"

"एकदम. पंच्याहत्तर पुरी झाली आज. ॲपवर पाहिलं नाही काय? एकशे बारा लोकांनी हात जोडले, बाई. एवढा मान तर मले रिटायरमेंटलेही नाही भेटला."

त्यांनी फोन समोर धरला. बाईंनी चष्मा लावून पाहिलं. बाबारावांनी फोटो टाकला होता, नाव आणि वय लिहिलं होतं, आणि वरच्या कोपऱ्यात बातमीचा प्रकार निवडायची जी बारीक पट्टी होती, तिला बोटही लावलं नव्हतं. पट्टीत तीन शब्द होते. दुःखद, बधाई, सूचना. अक्षरांच्या क्रमानं 'द' आधी येतो, म्हणून ॲपनं आपण होऊन पहिला धरला होता. दुःखद म्हटल्यावर फोटोचा रंग काढणं आणि दिवा लावणं ही त्याची पुढची कामं त्यानं इमानदारीनं केली होती.

"हा दिवा कोणी लावला?" बाईंनी विचारलं.

"औक्षणाचा आहे तो. चांगलं केलं त्यांनी."

सांगावं की नाही, असा विचार बाई करत होत्या, तेवढ्यात फाटकापाशी शववाहन येऊन थांबलं. मागून आठ-दहा माणसं आली, पुढं गल्लीतले दयारामजी, हातात पांढऱ्या फुलांचा हार. दारात बशी घेऊन उभे असलेले बाबाराव दिसले तसे ते जागच्या जागी थबकले. मागच्याला कळेना, तो म्हणाला, "आगे बढ़ो भैया." दयारामजी काही बढले नाहीत.

"हे कोणासाठी?" बाबारावांनी गाडीकडे पाहून विचारलं.

अंजनीबाई बाहेर आल्या, त्यांनी गाडी पाहिली, हार पाहिला, नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही काय टाकून राहिले होते सकाळी?" त्या म्हणाल्या.

बाबाराव खाली बसले. एकशे बारा हात कशाचे होते, ते आता त्यांना कळलं. तोंड एवढंसं झालं. सत्यभामाबाईंना वाटलं होतं की हा क्षण आला तर आपल्याला थोडं तरी बरं वाटेल. नाही वाटलं. त्यांनी बाबारावांचा फोन घेतला, खुर्ची भिंतीला लावली, आणि हात जोडणाऱ्यांची यादी काढून एकेकाला फोन करायला सुरुवात केली.

"हां जी, नमस्ते. लांजेवारजी ठीक हैं. जी हां, ज़िंदा हैं. लीजिए, बात कीजिए." आणि फोन बाबारावांच्या कानाला. दोन वाक्यं झाली की काढून घ्यायचा, पुढचा नंबर. बातमी रायपूरच्या मेव्हण्यापर्यंतही गेली होती; त्याला खरं वाटेना, तेव्हा त्यांनी फोन अंजनीबाईंकडे दिला आणि मग परत बाबारावांकडे. दुपारी एकपर्यंत पंच्याऐंशी लोक झाले. बाबाराव मध्येच म्हणाले, "मले बी बोलू द्या जरा."

"दोन मिनिटं झाली तुमची," बाई म्हणाल्या. मग दोघंही हसले. अंजनीबाईंनी दुसऱ्यांदा पोहे केले. शववाहनाच्या ड्रायव्हरनंही खाल्ले.

काही लोकांनी बटणावर न थांबता आवाज भरून पाठवले होते. माणूस शिस्तीचा होता, कोणाचं वाईट केलं नाही, असं. बाबारावांनी ते पुसू दिले नाहीत. महिनाभर ते रोज जेवणानंतर ऐकत, आणि अंजनीबाई तेवढा वेळ मागच्या अंगणात जाऊन बसत.

दुसऱ्या दिवशी सत्यभामाबाई ऑटो करून नेपियर टाउनला गेल्या. विनता त्यांना जिन्यातच थांबवू पाहत होती. त्या सरळ नेमांच्या टेबलापाशी गेल्या.

"आपने यह 'दुःखद' पहले क्यों रखा?"

"मैडम, अल्फ़ाबेटिकल है."

बाई तापल्या आणि मराठीवर आल्या. "आमच्याकडं पी.पी. कॉल असायचा. ज्याच्याशी बोलायचं त्याचं नाव आधी विचारायचो, मगच जोडायचो. तुमची मशीन काहीच विचारत नाही. विनता, सांग यांना हिंदीत."

विनतानं सांगितलं, आणि मनातलं स्वतःचंही बरंच त्यात घालून सांगितलं. नेमा ऐकत राहिले. माणूस वाईट नव्हता. इतक्या दिवसांत त्यांना आलेली ही पहिली तक्रार होती, कारण तक्रार करायलाही ॲपमध्ये हात जोडायचंच बटण होतं.

पट्टी गेली. तेवीस शेजाऱ्यांची ओळ गेली. बातमी पाठवण्याआधी आता ॲप बोलून विचारू लागलं: "आप क्या ख़बर दे रहे हैं? ख़ुशी की, या दुख की?" तो आवाज सत्यभामाबाईंचा होता. कॉलनीतले म्हातारे त्या आवाजाला "नमस्ते दीदी" म्हणून मगच उत्तर देत. समितीच्या बैठकीत बाईंना आता लोक जागा करून देत. बाबाराव मात्र दर आठवड्याला त्यांना फोन करून तुमच्या ॲपचं अमुक चुकलं म्हणून वाद घालत, आणि तो वाद अर्धा तास चाले.

एप्रिलमध्ये ॲप जबलपूरबाहेरच्या कुंडम गावी चालवून बघायचं ठरलं. नेमा, विनता आणि बाई जीपनं गेले. तिथं एका ओसरीवर पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. त्यातल्या पार्वताबाईंच्या हातात फोन दिला. फोननं विचारलं, क्या ख़बर है. पार्वताबाईंनी फोनकडे पाहिलं, समोर बसलेल्या सत्यभामाबाईंकडे पाहिलं, आवाज ओळखला, फोन उलटा करून चटईवर ठेवला आणि थेट बाईंनाच सुनेच्या बाळंतपणाची बातमी सांगायला लागल्या. मग बाकीच्याही सरकून जवळ आल्या.

नेमांनी वही काढून काहीतरी लिहायला घेतलं. "बाद में लिखना," विनता म्हणाली, "चाय ठंडी हो रही है."