उंबऱ्यावरची मांजर

पारोळ्याहून देवपूरच्या घरी कुत्रा आणला, तेव्हा आम्हाला काळजी मांजरीची होती. आठवडाभर मधलं जाळीचं दार लावून दोघांना दोन बाजूंना खायला दिलं. दार उघडल्यावर मात्र मांजरीनंच त्याच्या नाकावर पंजा मारला. मग ती उंबऱ्यावर बसली की तो बिचारा बाहेरच थांबायचा.

कुत्रा नकोच म्हणणारे माझे सासरे एके सकाळी तिच्याजवळ उकिडवे बसले. “सरक माय, त्याले येऊ दे. तो बी आपलाच शे,” ते म्हणाले. ती हलली नाही. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि कुत्र्याला हाक मारली. तो अंग चोरून तिच्या शेजारून आत आला. तिनं त्याला हुंगलं आणि निवांत डोळे मिटले. सासऱ्यांचा दुसरा हात तेव्हा कुत्र्याच्या डोक्यावर होता.