माईक न लागणारा माणूस

१४ सप्टेंबर २००८. चटणी संपली म्हणून मिरच्या कुटून आणायला डंकावर गेले. डंकाचे मालक मशीन बंद असलं तरी ओरडूनच बोलतात. मला नेहमी अवघडल्यासारखं होतं. "वैनी, आपली सहकारी बँक शाहूवाडीत कोळशाच्या वीजप्रकल्पाला कर्ज देणार हाय. तुमचं माहेर तिथंच की! दुपारी सभासदांच्या सभेला या."

सभेत प्रत्येक विषयाला न ऐकताच 'मंजूर, मंजूर' चाललं होतं. डंकाचे मालक विरोधाला उठले, तर संचालकांनी माईकच बंद केला. मालकांचं काय अडणार! ते ओरडले, "आमच्या ठेवींवर वैनींच्या रानात राख पडू द्यायची न्हाय! नामंजूर!" मी हात वर केला. मागोमाग निम्म्याहून जास्त हात वर आले. कर्ज फेटाळलं गेलं, तेव्हा कुठं मला हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बँक उघडताच गेले आणि मॅनेजरसमोर बसून इतिवृत्तात 'नामंजूर' लिहून घेतलं.