पावसाळ्यात पाहिलेली जमीन

आम्ही ती जमीन श्रावणात पाहिली, तिथेच चुकलो. बाबा म्हणाले होते, "तू कॉलेजात जातेस, नीट फिरून बघ. काय खोट दिसते का?" मी छत्री घेऊन चारही कोपरे फिरले. गुडघाभर गवत, मागे दांडी गावाची कौलं, त्यापलीकडे समुद्र. माणूस नाही, झोपडी नाही, गुरंसुद्धा नाहीत. फक्त गवतात पाण्याने भरलेली भोकं होती. वीतभर रुंदीची, ओळीने, सारख्या अंतरावर.

"खेकड्यांची बिळं असतील," मी बाबांना सांगितलं.

खेकडे एवढ्या शिस्तीत राहत नाहीत, हे मला सुचायला हवं होतं. पण मी तेव्हा पालघरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, आमच्या घरात कॉलेज पाहिलेली पहिलीच. कोणी काही विचारलं की उत्तर दिलंच पाहिजे, असं मला वाटायचं.

जमीन हवी होती आईसाठी. आम्ही सालवडला एका खोलीत भाड्याने राहायचो. बाबा तारापूरच्या कारखान्यांपैकी एकात बॉयलरवर होते. संध्याकाळी वारा फिरला की कारखान्यांचा वास खोलीत यायचा आणि आईला खोकला सुरू व्हायचा. तो मग सकाळपर्यंत चालायचा. डॉक्टर म्हणाले, "हवा बदला." सदरा बदला म्हणावं तितक्या सहज म्हणाले. बाबांनी ते मनावर घेतलं आणि पुढच्या थंडीच्या आत आईला समुद्राकडे न्यायचं ठरवलं. थंडीत तिचा खोकला सगळ्यात वाईट असायचा.

दांडीची जमीन कोणा बाहेरच्या माणसाची होती. त्याला तिथे बर्फाचा कारखाना काढायचा होता. कारखाना निघाला नाही, सरकारचा सारा मात्र वर्षानुवर्षं थकला, म्हणून तहसील कचेरीने जमीन जप्त करून लिलावाला काढली. लिलावाला फारसं कोणी आलं नव्हतं. दांडीचा एक नाखवा दाराशी उभा होता, पण बोली लावत नव्हता. बाबांच्या बोलीवर लिलाव थांबला तेव्हा तो आमच्याकडे बघून हसला. अभिनंदन करतोय असं समजून मी उलट हसले.

पुढे रीतसर कागद आला. त्यात लिहिलं होतं की जागा मोकळी आहे, जागेवर गवत आहे. पंचनामा भर पावसात झालेला, त्यामुळे त्यात खोटं काहीच नव्हतं.

दसऱ्यानंतरच्या रविवारी आम्ही दोरी, चुन्याची पिशवी आणि एक नारळ घेऊन एसटीने गेलो. बस थांबायच्या आधीच वास आला. आमच्या जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांबू उभे होते. बांबूंना आडव्या दोऱ्या आणि दोऱ्यांवर बोंबील. हजारो बोंबील, वाऱ्यावर एकदम हलणारे. खाली दहा-बारा कोळणी पाट्या घेऊन काम करत होत्या. बांबू रोवले होते ते माझ्या खेकड्यांच्या बिळांत.

बाबा खाकरले. बायकांशी बोलायचं म्हटलं की ते आधी खाकरायचे.

"ही जागा आमची आहे," ते म्हणाले.

त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्क बाईने मान वर केली. ती या सगळ्या बोंबलांची कारभारीण असावी. पुढे आम्ही तिला मावशीच म्हणू लागलो. "जागा चांगली हाय," ती म्हणाली. "वारा मस लागते."

"आम्ही लिलावात घेतली."

"कवा घेतलीव?"

"श्रावणात."

"तवा बोंबील व्हते कं?"

"नव्हते."

"पावसात बोंबील कोण सुकवील, दादा?"

सगळ्या जणी हसल्या. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लाजल्यासारखं झालं. बाबांनी हातातला नारळ माझ्या पिशवीत टाकला. कोपरे मोजायची गोष्टच निघाली नाही.

परतताना बसमध्ये ते म्हणाले, "तू नोटीस लिही." मी बी.ए.ला मराठी घेतलेली. नोटिशीचा आणि त्याचा काय संबंध, हे मला विचारता आलं नाही. मी ग्रंथालयात बसून दोन दिवस ती लिहिली. 'सदरहू मिळकत', 'विनापरवाना वहिवाट', 'तात्काळ खुली करून द्यावी', असे माझ्या तोंडात कधी न आलेले शब्द मी सुवाच्य अक्षरात मांडले. मनातून थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी नोटीस घेऊन मी एकटीच गेले. मावशीने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तू वकील हायस कं, बाय?"

"नाही. एस.वाय.ला आहे."

"ता काय असते?"

"म्हणजे अजून वकील नाही. आणि पुढेही होणार नाही बहुतेक."

"वाच मंग. माजे हात गुतलेत, कान मोकलेच."

मी वाचू लागले. 'सदरहू'पर्यंत गेले आणि शेजारची तरुण कोळीण म्हणाली, "या कोण सदरहू? आपल्या गावात नाय कोणी." मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. दुसऱ्या वेळी त्या गप्प राहिल्या, ते जास्त कठीण गेलं. संपल्यावर मावशीने विचारलं, "तुला नेमका काय पायजे, ता तुज्या तोंडानं सांग."

मी कागदाची घडी केली आणि आईच्या खोकल्याचं सांगितलं. घराचं सांगितलं. नोटिशीत हे काहीच नव्हतं.

मावशीने हातातली दोरी ताणून बांधली. मग म्हणाली, "माजी सासू याच जागेत सुकवीत व्हती. बर्फवाला आला, पाटी लावली, गेला. आमी हितंच. आता तुमी आलाव. आमी कुटं जावं? गावात वारा नाय, घरावर घर हाय."

मी कागद पिशवीत टाकला, तेव्हा तिने दोन बोंबील माझ्या हातात दिले. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. माझी पहिली जोडी सुटून वाळूत पडली. "शिकलेली हाय," तरुण कोळीण म्हणाली, "धीरानं घ्या." दुपारपर्यंत मी एक अख्खी दोरी भरली. घरी आल्यावर बाबांनी विचारलं, "दिलीस नोटीस?" मी म्हटलं, वाचून दाखवली. ते खरंच होतं.

मग बाबांनी कचेरीतल्या एका कारकुनाला गाठलं. तो म्हणाला, "दावा लावाल तर पोरगी म्हातारी होईल. त्यापेक्षा पाऊस येऊ द्या. त्या बायका बांबू काढून घरी नेतात, नाही तर कुजतात. जागा रिकामी झाली की दगडी खांब रोवा, तार ओढा. दसऱ्याला येऊन काय करतील? कागद तुमच्याकडे, कुंपण तुमचं."

बाबांना हे एकदम पटलं. मलाही पटलं, आणि पटलं म्हणून बरं वाटेना. कारण त्या हिवाळ्यात मी मधून मधून दांडीला जात राहिले. बाबांना सांगायची, लक्ष ठेवायला जाते. मावशीला काही सांगायची गरजच नव्हती, ती पाटी पुढे सरकवायची. बांबू कधी निघतात, असं मी एकदा सहज विचारल्यासारखं विचारलं. "वैशाख सरता सरता," ती म्हणाली. मी ते बाबांना सांगितलं.

तो हिवाळा आईने सालवडलाच काढला. ती बसून झोपायची. बाबा तिला म्हणायचे, "एवढाच. पुढचा नाही."

आषाढात पाऊस दोन दिवस थांबला, तेव्हा बाबांनी बैलगाडीतून दगडी खांब आणले. बरोबर मी आणि गाडीवाला. जमीन पुन्हा तशीच दिसत होती, हिरवी आणि निर्दोष. बाबा समुद्राकडच्या कोपऱ्यात गेले. तिथे बांबूचं भोक तयारच होतं. पहारीने चार घाव घालून त्यांनी ते मोठं केलं, गाडीवाल्याच्या मदतीने खांब आत सोडला, तो बरोबर बसला. "बघ," ते खूश होऊन म्हणाले, "खणायचं कामसुद्धा वाचलं."

मग दुसऱ्या भोकाशी जाऊन ते वाकले आणि पहार हातात घेऊन तसेच राहिले. भोकाच्या कडेला जुन्या, कुजलेल्या बांबूचं एक कडं होतं. त्याच्या आत दुसरं, आणखी कुठल्या वर्षाचं. बाबा बोटाने ती कडी चाचपत होते.

"माझ्या बापाचा तुकडा होता," ते म्हणाले. ही गोष्ट मी तुकड्यातुकड्याने ऐकली होती, पण त्यांच्या तोंडून सलग कधीच नाही. वाणगावच्या पूर्वेला डोंगरात त्यांचं एक वरकस शेत होतं, पावसाच्या पाण्यावर नाचणी-भात देणारं. दिवाळीनंतर सगळं घर वीटभट्टीवर कामाला जायचं आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. "एका वर्षी आलो तर शेताला कुंपण. कुंपण घालणारा बापाला म्हणाला, जमीन रिकामी होती. बाप म्हणाला, उन्हाळ्यात रिकामीच असते ती. तो म्हणाला, कागद दाखव." बाबांनी पहार जमिनीत टेकवली. "मी तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होतो. बापाबरोबर उभा होतो तिथे."

गाडीवाला बिडी ओढत दुसरीकडे बघत होता. मला काहीतरी शहाण्यासारखं बोलावंसं वाटलं.

"पण आई?" एवढंच मी म्हणाले.

"तेच तर," बाबा म्हणाले.

ते बराच वेळ जमिनीवरून चालत राहिले, खाली बघत. शेवटी रस्त्याच्या बाजूला थांबले. "इथे भोकं नाहीत," ते म्हणाले. खरंच नव्हती. रस्त्यालगत दोन खोल्यांपुरती पट्टी कोरी होती. बसची धूळ उडते म्हणून तिथे कोणी बोंबील टांगत नसणार. आम्ही समुद्राकडचा खांब उपटून काढला. घालताना लागला त्याच्या दुप्पट वेळ काढताना लागला. मग त्या पट्टीभोवती चार खांब रोवले आणि उरलेले गाडीतून परत नेले. गाडीवाल्याने दोन्ही खेपांचं भाडं मागितलं आणि बाबांनी ते घासाघीस न करता दिलं.

दसऱ्यानंतर बायका बांबू घेऊन आल्या तेव्हा आमच्या खोल्यांच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या होत्या. बाबा मावशीसमोर जाऊन खाकरले. "एवढंच घेतलंय," ते म्हणाले. "बाकीचं तुम्ही वापरता तसं वापरा. वारा अडत नाही ना?"

मावशीने समुद्राकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "वारा तिकडून येते, घर हिकडं हाय. नाय अडत. पण सगला वास तुमच्या घरात येल, दादा."

हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

उत्तर आईने दिलं. ती त्या दिवशी पहिल्यांदाच आली होती आणि विटांच्या ढिगावर बसली होती. "येऊ दे," ती म्हणाली. "त्या कारखान्याच्या वासापेक्षा बरा. हा निदान कशाचा आहे ते कळतं."

त्या थंडीत आम्ही राहायला गेलो. खोकला गेला असं म्हणता येणार नाही. पण आई आडवी होऊन झोपू लागली. वासाची सवय तिला कधीच झाली नाही आणि तसं ती मावशीला रोज सांगायची. मी धुतलेले कपडे घालून कॉलेजला गेले तरी बाकावरच्या मैत्रिणी थोड्या सरकून बसायच्या.

पण बायका आल्या त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. मी पाटी उचलायला गेले तर मावशी मला समुद्राकडच्या कोपऱ्यात घेऊन गेली. तिथे एक बांबू भोकात डुगडुगत होता.

"तुज्या बापानं खांब घातलान, मंग काडलान," ती म्हणाली.

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सांगाया कशाला पायजे? तू बांबू कवा निगतात इचारलंस, तवाच मला समजला. पावसात आमची एक बाय रोज बगाया येत व्हती."

मी खाली बघितलं. माफी कशी मागतात ते मला नोटिशीच्या भाषेत आलं असतं, या भाषेत येईना.

"ता जाव दे," मावशी म्हणाली. "भोक मोटा केलाव त्याचा काय? बांबू हलते. जा, दगड आन नि ठोक."

मी आमच्या घराच्या पायाचे उरलेले दगड आणले आणि बांबूभोवती ठोकून बसवले. मावशीने तो हलवून पाहिला. मग तिने दोरी बांधली आणि दोन बोंबील माझ्या हातात दिले.