सहीच्या वरची जागा

रसायनशास्त्रातलं संशोधन म्हणजे रंगीत बाटल्या आणि वाफा, असं लोकांना वाटतं. धाराशिवच्या आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत माझा निम्मा जन्म टायपिंगमध्ये गेला. एका द्रावकासाठी तीन दुकानदारांकडून कोटेशनं मागवा, काचेची नळी सोलापूरहून येताना फुटली की ट्रान्सपोर्टवाल्याशी भांडणाचं पत्र लिहा, शुद्ध अल्कोहोल लागलं की उत्पादन शुल्क खात्याला हात जोडा. आम्ही करडईच्या टरफलाचा कोळसा करून बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइड काढायच्या मागं होतो. कोळसा भट्टीत भाजला जायचा, आणि मी खुर्चीत.

यातलं एकही पत्र माझ्या नावानं जायचं नाही. मी लिहायचो, सही माझ्या गाइडची, म्हणजे विभागप्रमुख सरांची. सरांचा शब्द ठरलेला असायचा, "ड्राफ्ट करून आण, सही करतो." परदेशी मासिकाच्या परीक्षकाला नम्रपणे खोडून काढणारं उत्तरही माझंच, आणि त्याच्या खाली सरांची लांबलचक, शेपटीवाली सही. मला त्याचं वाईट वाटायचं नाही. उलट सरांच्या भाषेत लिहिता येतं याचा थोडा माजच होता.

मग संभाजीनगरच्या एका संशोधन संस्थेत शास्त्रज्ञाची जागा निघाली. एकच. आमच्या प्रयोगशाळेतून दोघांनी अर्ज केला, मी आणि सास्तूरची एक मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी मागची, मला दादा म्हणणारी. मी तोवर तासावर शिकवणारा, दर जूनला नव्यानं नेमला जाणारा माणूस होतो, पस्तिशी ओलांडलेली. ही जागा गेली तर वयाच्या अटीमुळं पुढची मिळणार नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. घरालाही.

मुलाखतीला गाइडचं शिफारसपत्र बंद पाकिटात न्यायचं होतं. सर म्हणाले, "दोघांची पत्रं तूच लिहून आण. आणि तिचं जरा जोरात लिही रे, पोरगी लई कष्टाळू हाय."

तिचं पत्र मी मनापासून लिहिलं, तासाभरात. बापाच्या मोटारसायकलवर मागं बसून, मांडीवर पाण्याचे कॅन घेऊन ती गावोगावचे नमुने आणायची, ते लिहिलं. शेवटी इंग्रजीत एक वाक्य घातलं, त्याचा अर्थ असा की, ज्या आकड्यावर हिची सही आहे तो मी दुसऱ्यांदा तपासत नाही. वाक्य चांगलं साधलं म्हणून मलाच बरं वाटलं.

मग माझं. विषय, वर्षं, छापलेले लेख, चालवता येणारी यंत्रं, एवढं झालं आणि हात अडला. आम्ही परंड्याकडचे मेंढपाळ. बाप बाजारात लंगड्या मेंढराचंही गुणगान करायचा, पण पोराचं कधी केलं नाही. घरात कुणी केलंच तर आई दृष्ट काढायला उठायची. स्वतःविषयी 'अत्यंत बुद्धिमान' असं टाइप करायला मला शरम वाटली. मी सहीच्या वर चार ओळींची जागा मोकळी सोडली आणि टाचणीनं चिठ्ठी लावली, 'सर, इथं आपण दोन शब्द लिहावेत.' दोन्ही पत्रं टेबलावर ठेवून प्रॅक्टिकल घ्यायला गेलो. परत आलो तेव्हा पाकिटं बंद होती, तोंडावर शिक्का.

मुलाखतीला जाताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. येरमाळ्याला गाडी थांबली, तिनं येडाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले आणि विचारलं, "दादा, सरांनी काय लिहिलं असंल हो?"

तिच्या पाकिटातला स्वल्पविराम न् स्वल्पविराम मला पाठ होता. मी म्हणालो, "चांगलंच लिहिलं असंल." आणि बीडपर्यंत माझ्या पाकिटातल्या दोन शब्दांचा विचार करत राहिलो. आठ वर्षांत सर तोंडावर कधी बरं बोलले नव्हते. निदान कागदावर बोलले असतील, या विचारानं मी हरखलो होतो. आता त्याचा संताप येतो.

मुलाखतीला ती आधी गेली. बाहेर आली ती लाल डोळ्यांनी हसतच. समितीनं सरांचं पत्र तिला वाचून दाखवलं होतं.

मग मी. प्रश्न सोपे गेले. शेवटी अध्यक्षबाईंनी माझं पत्र माझ्याकडं वळवलं. टाचणीची दोन भोकं, मोकळी जागा, आणि खाली शेपटीवाली सही. "तुमच्या गाइडना तुमच्याबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं का?" त्यांनी विचारलं. "त्याच प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या उमेदवाराबद्दल तर त्यांनी किती लिहिलंय."

एका वाक्याचं काम होतं. पत्रं मी लिहिली, एवढंच. पण तसं म्हटलं असतं तर तिचं पत्रही त्याच क्षणी रद्दी झालं असतं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. मी म्हणालो, "सर कमी बोलतात, मॅडम."

जागा तिला मिळाली. तिचा राग आला नाही असं लिहिलं तर खोटं होईल. आठवडाभर मी तिच्याकडं बघायचं टाळलं. सरांनी एकदा विचारलं, "तुझं कशात अडलं रे? माझं पत्र तर गेलं होतं." मी म्हणालो, वय आड आलं. चिठ्ठी काय झाली हे मी विचारलं नाही. त्यांना ती आठवलीही नसती.

रुजू व्हायच्या आधी ती आईवडिलांना घेऊन पेढे द्यायला आली. तिला त्या पत्राची प्रत हवी होती, घरी जपून ठेवायला. "काढून दे रे तिला," सर म्हणाले. मी माझ्या संगणकातून काढून दिली. तिनं उभ्यानंच ती बापाला मराठीत समजावून सांगितली. म्हातारा ऐकता ऐकता रडला आणि सरांच्या पायाशी वाकला. सरांनी त्याला वरच्यावर धरलं. "म्या काय केलं हो, जे खरं तेच लिवलं," सर त्याच्याच बोलीत म्हणाले.

तिनं माझ्या हातावर पेढा ठेवला. "बघितलं का दादा," ती म्हणाली, "आपल्याला वाटतं सरांचं लक्ष नसतं. पण किती बारकाईनं बघत असत्यात ते आपल्याकडं."

"व्हय," मी म्हणालो, आणि पेढा तोंडात टाकला.