दुसरं निशाण वर येईपर्यंत

भोंगा वाजत होता आणि नदीतलं कोणी मान वर करून बघतही नव्हतं.

मी काठावर उभा होतो. तिकडे वर धरणावर माझा ऑपरेटर ठरल्याप्रमाणे चाचणीसाठी सायरनचं बटण दाबून बसला होता. आवाज स्वच्छ येत होता. खाली वाळूत बायका धुणं आपटत होत्या. सात-आठ पोरं डबक्यात जुनं लुगडं पसरून मासे धरत होती. म्हशी बसल्या होत्या त्या बसल्याच होत्या. मी खाली उतरलो आणि धुणं धुणाऱ्या एका बाईंना विचारलं, "अक्का, भोंगा ऐकू आला का?"

"उना ना," त्या म्हणाल्या. "तो कारखानाना भोंगा शे. पाळी सुटनी व्हई."

आणि पुन्हा धुण्याला लागल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पलीकडच्या साखर कारखान्यात पाळी बदलताना जो भोंगा वाजतो, तसलाच आमचा होता. दोन्हीकडे एकच लांब सूर. आमचा सायरन महिनोन्‌महिने वाजायचा नाही, कारखान्याचा रोज वाजायचा. लोकांनी दोन्ही एकाच खात्यात टाकले होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी पाटबंधारे खात्यात शाखा अभियंता होतो आणि साक्रीकडच्या डोंगरातून येणाऱ्या एका नदीवरचं मध्यम आकाराचं धरण माझ्याकडे होतं. मी मूळचा बोदवडचा. इकडची अहिराणी मला समजायची, पण बोलायला गेलो की पोरं हसायची.

धरणाचं काम बाहेरून वाटतं त्यापेक्षा सोपं असतं. पावसाळ्याच्या शेवटी जलाशय भरलेला असतो. त्यानंतर डोंगरातून जेवढं पाणी नव्याने येईल तेवढं खाली सोडावं लागतं. या येणाऱ्या पाण्याला आम्ही आवक म्हणतो. सोडण्यासाठी सांडव्यावर लोखंडी दरवाजे असतात, ते वर उचलायचे. नाही उचलले तर पाणी धरणाच्या डोक्यावरून जाईल, आणि मग धरणही राहणार नाही, खालची गावंही राहणार नाहीत.

अवघड होतं ते खालच्या लोकांना पटवणं. पाऊस पडायचा साक्रीच्या डोंगरात. खाली नदीकाठच्या मोरदरा गावात कडक ऊन असायचं, आभाळात ढगाचा ठिपका नसायचा, नदीत घोटाभर पाणी. अशा वेळी पूर येईल असं कोणाला वाटणार? मी रुजू व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात मोरदऱ्याची तीन पोरं अशीच मधल्या खडकावर अडकली. पलीकडच्या भिल वस्तीतल्या माणसांनी दोर टाकून त्यांना काढलं. त्यातल्या एका मुलीचा मोडलेला हात वाकडाच जोडला गेला. चौकशी झाली. सायरन वाजला होता असं सिद्ध झालं आणि फाइल बंद झाली.

मी धुळ्याला जाऊन कार्यकारी अभियंत्यांना भेटलो. ते आमचे मोठे साहेब. कडक माणूस, पण बोलू द्यायचे.

"साहेब, सायरनचा उपयोग होत नाही."

"नादुरुस्त आहे?"

"चांगला वाजतो. लोक कारखान्याचा समजतात."

"पाटील, नियमात सायरन द्यावा असं आहे. सायरन दिला की आपली जबाबदारी संपली."

"जबाबदारी संपते साहेब. पोरं नदीतच राहतात."

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "काय करायचं ते करा. पण दरवाज्यांच्या वेळापत्रकाला हात लावायचा नाही."

एवढी परवानगी मला पुरे होती.

पहिली गोष्ट माझ्याच हातात होती. सायरनचा सूर मी तोडला. एक लांब भोंगा देण्याऐवजी तीन तुटक भोंगे, थोडं थांबून पुन्हा तीन. कारखान्याशी गल्लत होणं शक्य नव्हतं. मोरदऱ्याच्या सरपंचांना, नानांना सांगून गावात दवंडी दिली. तीन भोंगे म्हणजे धरणाचं पाणी सुटलं. मी खूश होतो.

पुढच्या चाचणीला मी पुन्हा काठावर जाऊन उभा राहिलो. तीन भोंगे वाजले. या वेळी सगळ्यांनी ऐकलं. नदीतल्या बायका उठल्या. आणि गावातून आरडाओरडा करत सगळी पोरं नदीकडे धावत सुटली.

"कुठे निघालात रे?" मी ओरडलो.

"पूर पाह्याले!"

त्यांच्यामागे मोठी माणसंही आली. नाना स्वतः धोतराचा सोगा धरून आले. ज्यांना पाण्यापासून लांब न्यायचं त्यांनाच मी भोंगा वाजवून काठावर गोळा केलं होतं. आधीची परिस्थिती यापेक्षा बरी होती.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर देवरेबाई होत्या. चाळिशीच्या, खणखणीत आवाजाच्या, धुळ्याहून बदलून आलेल्या. त्या पोरांना परत हाकायला आल्या होत्या. मी वैतागून म्हणालो, "बाई, आता यांना कुलपात ठेवायचं का?"

"कुलपात राहणार नाहीत," बाई म्हणाल्या. "पूर आला की मलासुद्धा बघावासा वाटतो. तुम्हाला नाही वाटत?"

"वाटतो."

"मग बघू नका असं सांगून काय होणार? कुठून बघायचा ते सांगा."

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं आणि नाना गावाभोवती फिरलो. गावामागे खंडोबाची टेकडी होती. तिथून नदीचं सगळं वळण दिसायचं आणि कितीही पूर आला तरी पाणी तिथे पोचणं शक्य नव्हतं. पूर बघायची जागा ठरली. नियम एकाच ओळीचा होता: तीन भोंगे झाले की टेकडी.

पण टेकडीवर कोण आलं आणि कोण राहिलं हे कसं कळणार? बाईंनी जोड्या लावल्या. प्रत्येक मोठ्या मुलामागे एक लहान. टेकडीवर एकट्याने आलेला आलाच नाही असं समजायचं. जोडी दाखवली तरच तो पोचला. पोरांना हा खेळ इतका आवडला की शाळा सुटल्यावरही ती जोडीने हिंडायला लागली.

शाळेच्या अंगणात मी मातीचं धरण करून दाखवलं. वर बादलीभर पाणी, मध्ये पत्र्याचा दरवाजा, खाली वाळूची नदी आणि वाळूत काड्यांची माणसं. बादली मी एका मुलाला शाळेमागे नेऊन ओतायला लावली, म्हणजे पाऊस दिसणार नाही. दरवाजा उचलला, काड्या वाहून गेल्या. एक मुलगी म्हणाली, "सर, पाऊस तं दिसनाच नही!" मला हवं होतं तेच ती बोलली.

एक अडचण बाईंनीच काढली. "शाळेतल्या पोरांचं झालं. पण दुपारी नदीवर धुणं धुतात, गुरं वळतात, त्या मुली शाळेत येतातच कुठे?" मग बाई आठवड्याच्या बाजाराचा दिवस सोडून रोज धुण्याच्या घाटावर जाऊन बसायला लागल्या. मुली दगडावर कपडे आपटत असायच्या आणि बाई त्यांच्या जोड्या लावायच्या. दोघी-तिघी पुढे शाळेतही आल्या, पण ते बाईंचं यश, माझं नव्हे.

पलीकडच्या काठावर भिल वस्ती होती. तिथे टेकडी नव्हती. वस्तीचे कारभारी गुलाबआबा. त्यांनी मला कालव्याच्या भरावावर नेलं. कालवा खणताना निघालेल्या मातीचा तो उंच बांध, आमच्याच खात्याने घातलेला. "आम्ही अठे येसुत," आबा म्हणाले. "पन साहेब, तुम्हले तठे वर कसं समजी?"

प्रश्न बरोबर होता. मी धरणावर असणार. भोंगा मी देणार, पण लोक बाहेर निघाले का हे मला दिसणार नव्हतं. गावात फोन नव्हता. शेवटी ठरलं की वस्तीतही जोड्या लावायच्या आणि दोन्ही ठिकाणी उंच बांबूवर पांढरं धोतर चढवायचं. सगळ्या जोड्या पोचल्या की निशाण वर. धरणाच्या भिंतीवरून दुर्बिणीने दोन्ही जागा दिसत होत्या. आम्ही चार वेळा तालीम केली. पहिल्या तालमीत निशाणाआधी शाळेची घंटाच वाजली आणि निम्मी पोरं घरी जेवायला गेली. चौथी तालीम चोख झाली.

मग पोळा आला.

पोळ्याला सकाळी बैल नदीवर धुतात. त्या दिवशी अख्खा मोरदरा नदीत होता. बैल, माणसं, आणि बैलांपेक्षा जास्त पोरं. वर स्वच्छ ऊन. आणि आमच्या वायरलेसवर साक्रीकडच्या पर्जन्यमापन केंद्राचा निरोप आला: पहाटेपासून धो धो कोसळतोय, नाले फुटलेत.

जलाशय आधीच काठोकाठ होता. मी धुळ्याला फोन लावला.

"दरवाजे उचला," मोठे साहेब म्हणाले.

"साहेब, आज पोळा आहे. सगळं गाव नदीत आहे."

"सायरन द्या आणि उचला."

"सायरन देतो. निशाणं वर आली की उचलतो."

"कसली निशाणं?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. मग साहेब म्हणाले, "पातळी कुठवर जाऊ देणार?"

"लाल रेघेच्या खाली वीतभर राहीपर्यंत."

लाल रेघ म्हणजे धरणाच्या सुरक्षिततेची हद्द. तिच्यावर पाणी जाऊ द्यायचं नसतं.

"रेघेला पाणी लागलं तर पाटील, तुम्हीही घरी आणि मीही घरी."

"हो साहेब."

तीन भोंगे दिले. थांबून पुन्हा तीन. मी दुर्बीण डोळ्याला लावली. नदीत माणसं मुंग्यांसारखी दिसत होती. त्या मुंग्या काठाकडे सरकायला लागल्या. बैलांची रांग टेकडीकडे वळली. माझा विश्वास बसेना. काही मिनिटांतच टेकडीवर पांढरं धोतर फडकलं.

कालव्याच्या भरावावर माणसं दिसत होती. बांबू दिसत होता. त्यावर काही नव्हतं.

"साहेब, पाणी चढतंय," ऑपरेटर म्हणाला.

"दिसतंय."

पुन्हा भोंगे दिले. भरावावरून दोन माणसं उलट्या दिशेने, नदीकडे पळत गेली. लोक बाहेर येताहेत की आत जाताहेत? आवक वाढतच होती. थांबणं आता नुसतं त्या दोघांसाठी नव्हतं. रेघ ओलांडून धरणच फुटलं असतं तर टेकडीवरची पोरंही सुरक्षित राहिली नसती. ऑपरेटरने दरवाज्याच्या मोटारीच्या बटणावर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नाही. अजून रेघेला वीतभराहून थोडं जास्त अंतर होतं.

आणि बांबूवर धोतर चढलं.

"उचल," मी म्हणालो.

आधी दरवाजे अगदी थोडे उचलले, मग हळूहळू वाढवले. पाणी रेघेखाली थांबलं. ऑपरेटरला सूचना देऊन मी जीप काढली.

टेकडीवर पोरं जोडीजोडीने बसली होती. बैलांची निम्मीच शिंगं रंगली होती. देवरेबाईंचं लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलं होतं. नदी लाल होऊन वळणावरून आली तेव्हा पोरांनी एकदम अशी आरोळी ठोकली की बैल बिथरले. नाना माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. थोड्या वेळापूर्वी त्यांचे बैल जिथे उभे होते तिथे आता पाण्याला भोवरे पडत होते. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

वस्तीवर जायला कालव्यावरच्या पुलाचा वळसा होता. गुलाबआबा वाटच बघत होते. मी विचारलं, "आबा, निशाणाला उशीर का झाला?"

त्यांनी दहा वर्षांच्या एका मुलीला पुढे ओढलं. जमनी तिचं नाव. आबा म्हणाले, सगळे आले असं वाटून मी धोतर बांधायला घेतलं, तर या पोरीने बांबूच धरला.

"काय म्हणालीस गं?" मी तिला विचारलं.

ती मग खाली बघत म्हणाली, "मी सांगं, आबा, निशान लावू नका. मनी जोडी उनी नही."

तिची जोडी म्हणजे शेजारची दीड वर्षांची मुलगी. तिची आई नदीच्या आतल्या बेटावर गवत कापत होती आणि मुलगी तिथेच बाभळीला बांधलेल्या झोळीत झोपली होती. वाऱ्याच्या उलट बाजूला असल्यामुळे आईला भोंगा नीट ऐकूच आला नव्हता. आबांच्या दोन माणसांनी धावत जाऊन दोघींना आणलं. ती मुलगी आता आईच्या कडेवर गूळ चाटत होती. ते बेट मी भरावावरून शोधायचा प्रयत्न केला. बाभळीचा फक्त शेंडा दिसत होता.

दुपारी बाईंनी मला टेकडीवर परत बोलावलं. बायकांनी घरून खापरावरच्या पुरणपोळ्या वर आणल्या होत्या. त्या वर्षी मोरदऱ्याचा पोळा टेकडीवरच फुटला. नोकरीत पुढे मी मोठी कामं केली, पण त्या पंगतीत बसताना जी छाती भरून आली तशी पुन्हा आली नाही. हे सांगताना मला संकोच वाटत नाही.

दोन दिवसांनी ऑफिसचा मेमो आला. दरवाजे उचलण्यास विलंब का झाला, खुलासा करावा. मी एका ओळीत खुलासा केला: नदीपात्रात मुले होती. मोठे साहेब स्वतः धरणावर आले. खुलासा वाचला. दुर्बीण मागून घेतली आणि बराच वेळ दोन्ही बांबूंकडे बघत राहिले.

"पाटील," ते म्हणाले, "पुढच्या पावसाळ्याआधी आपल्या विभागातल्या बाकीच्या दोन धरणांवरही हे करा. त्या बाईंना बरोबर घ्या. तुम्हाला एकट्याला जमणार नाही."

ते खरं होतं. आम्ही दोघांनी केलं. माझ्या बदलीपर्यंत त्या तिन्ही नद्यांत पोर वाहून गेल्याची बातमी आली नाही.

आमच्या खात्यात इशारा दिला की काम झालं असं धरतात. निवृत्त होईपर्यंत माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या इंजिनिअरला मी एकच विचारत आलो: इशारा दिलात, ठीक आहे. तो पोचला, असं तिकडून कोणी सांगितलं का?